केवडा ग्रहावरची हवा

मी एक जुना संगणक आहे. हा ‘जुना’ शब्द मी स्वतः वापरला तर चालतो, मित्रांनो. दुसऱ्या कुणी वापरला की माझा पंखा घरघरायला लागतो. माझा पडदा काचेचा आणि मागे त्याला चांगलं हातभर पोट सुटलेलं आहे. डबा एकेकाळी पांढरा होता, आता तो चहात बुडवलेल्या टोस्टसारखा दिसतो. असो. रूपाचा अभिमान मला कधीच नव्हता, कामाचा मात्र आहे.

माझा जन्म २००५ साली लखनौमध्ये, हजरतगंजच्या मागच्या एका गल्लीत झाला. विनय नावाचा एक बोलका माणूस सुटे भाग जोडून संगणक बनवत असे. त्याने कुठल्या कुठल्या देशांतून आलेले माझे अवयव एका दुपारी स्क्रूने आवळले, मला वीज पाजली आणि पडद्यावर अक्षरं उमटताच “चल गया, डॉक्टर साहब” असं म्हणून मला सायकलरिक्षात चढवलं. निशातगंजपर्यंत मी एका गृहस्थांच्या मांडीवर बसून गेलो. ते गृहस्थ म्हणजे चंद्रशेखर. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. लखनौच्या एका संशोधन संस्थेत ते शास्त्रज्ञ होते. चिनहटकडच्या तळ्यांतून ते गाळ काढून आणत आणि त्यात अडकलेले हजारो वर्षांपूर्वीचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. कुठल्या काळी इथे कोणती झाडं होती, पाऊस किती पडत होता, हे त्या कणांवरून कळतं म्हणे. त्यांच्या कणांचे फोटो माझ्यातच साठवलेले असत. काही कण काटेरी, काही जाळीदार, काही गोल गरगरीत.

सुरुवातीची वर्षं माझे मोठे लाड झाले. आईने, म्हणजे सुहासिनीबाईंनी, चिकनचं भरतकाम असलेल्या जुन्या कुर्त्याचं मला आच्छादन शिवलं. दसऱ्याला माझी पूजा होई. लखनौमध्ये आपट्याची पानं कुठून मिळणार, पण झेंडूची माळ आणि हळदकुंकू चुकत नसे. एका वर्षी अक्षता माझ्या कीबोर्डात गेल्या आणि महिनाभर माझी चार बटणं रुसून बसली. तरी मी तक्रार केली नाही. शेजारच्यांच्या संगणकाला कुणी अक्षता वाहत होतं का?

आता बाबांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या सवयीनेच घडलं. त्यांना चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे. विद्यार्थी आपले तक्ते त्यांच्याकडे पाठवत. बाबा रात्रीचं जेवण आटोपून बसत आणि चुकलेला आकडा दिसला की निमूटपणे बदलून टाकत. सांगतसुद्धा नसत. त्यात त्यांना मोठेपणा वाटत नव्हता. रस्त्यात पडलेलं केळ्याचं साल आपण बाजूला करतो, तितक्या सहज ते करत. विद्यार्थ्यांची त्यामुळे अब्रू वाचे, आणि संस्थेत सगळे म्हणत की डॉक्टर साहेबांच्या हाताखालून गेलेला कागद बिनचूक असतो.

त्यांची मुलगी मुक्ता. मी घरी आलो तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि माझ्यासमोर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत येई. ती आधी माझ्यावर चित्रं काढायची, मग चित्रांना हलवायला शिकली, आणि सोळाव्या वर्षी तिने एक अख्खा ग्रह तयार करायला घेतला.

त्या ग्रहाचं नाव केवडा. तो तिचा व्हिडिओ गेम होता. केवड्याचं आकाश पिवळं होतं. तिथे ढबू नावाचे प्राणी राहत. हत्तीएवढे, ढगळ कातडीचे, चेहऱ्याने जरा मठ्ठ. खेळणाऱ्याने ढबूच्या पाठीवर बसायचं आणि दऱ्यांवरून लांबच लांब उड्या मारत एका झाडाचं बी पलीकडच्या ओल्या काठावर पोचवायचं. बंदूक नाही, शत्रू नाही, नुसत्या उड्या. एक उडी इतकी लांब की मध्ये हवेत असताना खालची नदी नीट पाहून होई. माझ्या अंगात तेव्हा एवढं बळ नव्हतं. मी तापायचो, अडखळायचो, पण एकाही ढबूला मी दरीत पडू दिलं नाही.

गुजरातेतल्या एका डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत मुक्ताला प्रवेश हवा होता. बारावीचं वर्ष होतं. आपलं स्वतःचं एक काम सीडीवर घालून, सोबत दोन पानांचं टिपण जोडून, ठरलेल्या सोमवारपर्यंत पाठवायचं होतं. तेवढ्यावरूनच मुलाखतीला बोलावणार होते. मुक्ताने दुसरा कुठलाही अर्ज भरला नव्हता. आईला त्याची धास्ती वाटे, पण पोरगी हट्टाला पेटली होती.

बाबांना केवडा पसंत नव्हता. ढबूंबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं, हवेबद्दल होतं. एकदा जेवताना त्यांनी मुक्ताला समजावून सांगितलं, आणि जेवणाचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर असल्याने मलाही कळलं. ढबू एवढा उडतो म्हणजे ग्रहाची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, फार कमी असलं पाहिजे. इतकी कमी ओढ असलेल्या उबदार ग्रहावर हवा टिकणारच नाही, हळूहळू आकाशात निघून जाईल. हवा नाही तर पाणी नाही, झाडं नाहीत, पिवळं आकाशही नाही. तेव्हा ओढ पृथ्वीच्या जवळपास आण, म्हणाले. मुलं असले खेळ खेळतात आणि तेच खरं समजून बसतात. मुक्ता पोळीचा घास चावत “हाँ बाबा, देखती हूँ” एवढंच म्हणाली. बाबांना तो होकार वाटला. मला मुलांचे असे होकार चांगले ओळखीचे आहेत.

सीडी पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मुक्ताने बाबांना इंग्रजी टिपण एकदा वाचून द्यायला सांगितलं आणि ती आईबरोबर बाजारात गेली. बाबांनी टिपण वाचलं. दोन स्वल्पविराम बदलले. मग शेजारचीच फाइल त्यांनी उघडली, जिच्यात ग्रहाचे सगळे आकडे होते. ओढीपुढे लिहिलं होतं १.३; पृथ्वीची असते ९.८. पोरगी घाईत विसरली, असं त्यांना वाटलं. त्यांनी एकाच्या जागी नऊ केला.

मित्रांनो, मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही. जो बटण दाबेल त्याचं मी ऐकतो, बरोबर असो की चूक. मी ९.३ लिहून ठेवलं. बाबांनी समाधानाने चष्मा पुसला आणि ते वर्तमानपत्र घेऊन बसले.

मंगळवारी सकाळी मुक्ताने सीडी भरली आणि हजरतगंजच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवून दिली. दोन दिवस ती परीक्षेच्या अभ्यासात होती. गुरुवारी दुपारी सहज म्हणून तिने केवडा उघडला. ढबूवर बसली, दरीच्या काठाशी आली, उडी मारली. ढबू वीतभर उचलला गेला आणि धपकन खाली आला. तिने पुन्हा मारली. पुन्हा तेच. सगळे ढबू काठावर ओझ्याच्या बैलांसारखे उभे होते. पहिली दरीच ओलांडता येत नव्हती, म्हणजे तिथे सीडी उघडून पाहणाऱ्यांना पुढचं काहीच दिसणार नव्हतं. तिने फाइल उघडली आणि आकडा पाहिला. ती रडली नाही. माझ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली, आणि मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

बाबा घरी आले तेव्हा आईनेच विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं की मीच बदललं, चूक दिसली म्हणून. मग मुक्ता बोलली, अगदी हळू आवाजात.

“आपने एक बार भी खेला है, बाबा? छह महीने में एक बार भी?”

बाबांनी मान हलवली. खेळले नव्हते. सहा महिने ते तिच्या पाठीमागून माझ्या पडद्याकडे बघत जात, आणि त्यांनी केवड्याचे फक्त आकडे पाहिले होते.

सोमवार चार दिवसांवर आला होता. पोस्टाचा भरवसा नव्हता. बाबा म्हणाले की दुसरी सीडी भर, मी उद्याच्या गाडीने स्वतः नेऊन देतो. मुक्ताने १.३ लिहिलं, नवी सीडी भरली, आणि माझ्यासमोरची खुर्ची मागे ओढली. “इस बार चेक करके ले जाइए,” ती म्हणाली. “पढ़कर नहीं, खेलकर.”

बाबा बसले. माऊस त्यांनी असा धरला होता की जणू खाली सूक्ष्मदर्शकाची काचेची पट्टी आहे आणि ती तडकेल. पहिले दोन ढबू त्यांनी झाडावर आपटले. आईला हसू आलं, मुक्ताला आलं नाही. तिसऱ्या वेळी ढबू काठावरून सुटला आणि वर, वर, खूप वर गेला. दरी लहान झाली. मी माझी सगळी ताकद लावली, पंखा पूर्ण वेगाने सोडला, आणि आकाशाचा तो पिवळा रंग जवळ आला.

तो रंग नव्हता. ते कण होते. हजारो पिवळे कण हवेत तरंगत होते, काही काटेरी, काही जाळीदार, काही गोल गरगरीत. मुक्ताने माझ्याच पोटातल्या फोटोंवरून ते एकेक करून काढले होते. खालून पाहिलं तर नुसतं पिवळं आकाश दिसे. बाबा कधी वर गेलेच नव्हते.

बाबांनी बोट पडद्याला लावलं. “हा चीडचा, पाइनच्या झाडाचा,” ते म्हणाले. “दोन पंख असलेला. हा गवताचा. हा… हा आपल्या तळ्यातला आहे, मुक्ता.”

“हाँ.”

“हे सगळे वर कसे राहिले?”

“एक दशमलव तीन में रहते हैं, बाबा. नौ में सब नीचे गिर गए थे.”

ढबू कधीच पलीकडे उतरला होता. बाबा तसेच बसले होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “मी न विचारता हात लावला. चुकलं माझं.” मी त्या घरात इतकी वर्षं होतो, पण ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

शुक्रवारी ते गाडीत बसले. मंगळवारी परत आले तेव्हा दाढी वाढलेली, पण हातात पोच होती. संस्थेतल्या बाईंनी अर्ज लिहून घेऊन जुनी सीडी परत दिली आणि नवी ठेवली. चहा पिता पिता बाबा एकदम खुशीत म्हणाले की गाडीत त्यांना एक तोड सुचली. केवडा थंड करायचा, हाडं गोठवणारा थंड. थंडीत हवेचे कण सुस्तावतात, पळून जात नाहीत. शनीच्या एका चंद्राची ओढ अशीच कमी आहे आणि तरी त्याच्यावर हवा चांगली दाट आहे. म्हणजे ढबूही उडतील आणि शास्त्रही शाबूत राहील. आईला वाटलं, झालं, मिटलं.

मुक्ताने विचार केला. खरंच केला, मी पाहिलं. मग ती म्हणाली, “ठंड में फूल नहीं खिलेंगे, बाबा. फिर ये पराग कहाँ से आएगा?”

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “मग राहू दे,” ते म्हणाले. मी खात्रीने सांगतो, हे म्हणणं त्यांना जड गेलं.

मुलाखतीत तिला हवेबद्दल विचारलंच. तिने सांगितलं की हवा टिकणार नाही हे मला ठाऊक आहे, माझ्या वडिलांनी हिशेब करून दाखवलाय, तरी मी ती ठेवली आहे, कारण माझा गेम तिथूनच सुरू होतो. तिला प्रवेश मिळाला. त्या जुलैत ती गेली आणि माझ्यासमोरची खुर्ची रिकामी झाली.

त्यानंतरची माझी वर्षं तुम्ही ओळखली असतील. घरात लॅपटॉप आला. मी कोपऱ्यात सरकलो, माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणीदेखील ठेवली गेली. कधी एखाद्या रविवारी बाबा आच्छादन काढत, मी घरघरत उठे, आणि ते ढबूवर बसून दोन उड्या मारून येत. आईला सांगत की मशीन चालतं का ते बघत होतो.

आता २०१८ उजाडलं आहे. बाबा निवृत्त झाले, बिऱ्हाड साताऱ्याला निघालं आहे, आणि मला न्यायचं नाही असं ठरलं. काल विनय येऊन माझ्या पोटातलं सगळं लॅपटॉपवर उतरवून गेला. त्याचेही केस पिकले आहेत. तो गेल्यावर बाबांनी मुक्ताला फोन लावून विचारलं, तुझा केवडा मी माझ्या लॅपटॉपवर ठेवू का? फोन स्पीकरवर होता. ती हसली आणि म्हणाली, “रखिए न. अब आपकी कॉपी है बाबा, जो नंबर बदलना हो बदल लीजिए. हवा भी टिका लीजिए.”

फोन ठेवून बाबांनी लॅपटॉपवर ती फाइल उघडली. मी कोपऱ्यातून पाहत होतो. ओढ, १.३. त्यांनी माऊसचं टोक त्या एकावर नेऊन ठेवलं. मुलीची परवानगी होती, घरात कुणी नव्हतं, आणि मित्रांनो, तो आकडा त्या बिचाऱ्यांना सात वर्षं खुपत होता. मग त्यांनी काही न बदलता फाइल बंद केली, गेम उघडला आणि ढबूला काठावर आणलं.

संध्याकाळी कबाडीवाला, म्हणजे आपला भंगारवाला, मला घेऊन जाईल. आमच्यासारख्यांची धूळ अधूनमधून पुसत जा, कारण आम्ही आत काय सांभाळून ठेवलंय ते बाहेरून दिसत नाही. दुसऱ्याच्या फाइलला हात लावण्याआधी विचारा. आणि कुणी तुम्हाला आपलं जग दाखवलं, तर त्यातल्या चुका पुढे केव्हाही मोजा, पण आधी एकदा त्याच्या ढबूवर बसून वर जाऊन या.