तिसऱ्या सिलिंडरचा रुसवा

आत्याच्या गाडीचा तिसरा सिलिंडर नेमका शर्यतीच्या सकाळी रुसला. आम्ही दोघी बहिणी तर आदल्या संध्याकाळपासूनच रुसलेल्या होतो.

आमचं गॅरेज आत्याचं. इंजिन कसं उघडायचं, कसं मिटायचं आणि कटकट्या गिऱ्हाइकाला गोड बोलून कसं वाटेला लावायचं, हे सगळं तिनंच आम्हाला शिकवलं. वर्षातून एकदा ती आपली जुनी लाल गाडी घेऊन घाटाच्या शर्यतीत उतरते. यंदा क्लबनं नवा नियम काढला, की पुढच्या वर्षीपासून साठीच्या पुढचे चालक नकोत. म्हणजे आत्याची ही शेवटची शर्यत. तिच्या शेजारी बसून पुढचं वळण सांगायला एकच माणूस लागतं. आत्यानं ताईला निवडलं आणि माझं डोकं फिरलं. मी ताईला नाही नाही ते बोलले, तिनंही काही बाकी ठेवलं नाही, आणि मग अबोला.

आता अबोला धरून दोघी मिळून एक गाडी दुरुस्त कशा करणार? आमच्याकडे ते सहज जमतं. चालू इंजिनापुढे ओरडून घसा फोडायचा नाही, ही आत्याची शिस्त. जिथं खोट असेल तिथं हात दाखवायचा, आणि जितके सिलिंडर नीट चालत असतील तितकी बोटं वर करायची. चार बोटं दिसल्याशिवाय आमच्याकडे बॉनेट मिटत नाही.

त्या सकाळी गाडी चालू केली तर ती हुडहुडी भरल्यासारखी थरथरायला लागली. ताईनं स्कॅनर लावला. पडद्यावर तिसऱ्या सिलिंडरचं नाव आलं. तिनं तीन बोटं वर केली आणि मी मान फिरवली. तेवढं मलाही ऐकू येत होतं.

तिसऱ्याचा प्लग काढून नवा बसवला, फरक शून्य. मग मी गेज लावून दाब मोजला. चारही सिलिंडरमध्ये दाब अगदी ठणठणीत! म्हणजे इंजिनाचं पोट चांगलं होतं. माझ्या जिवात जीव आला, पण अबोला असल्यामुळे आनंद गिळावा लागला. आता राहिली कॉइल. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगीसाठी वीज पुरवणारी एकेक कॉइल असते. तिसऱ्याची काढून दुसऱ्यावर लावायची, दुसऱ्याची तिसऱ्यावर. बिघाड दुसऱ्यावर गेला तर कॉइल खराब, तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. इतकं सोपं काम. ते झालं, गाडी चालू केली, आणि स्कॅनर पुन्हा तिसऱ्याचंच नाव घेऊन बसला.

मग पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरची अदलाबदल केली. त्यात घाम निघाला, नखं काळी झाली, तरी तिसराच! आता उरली आतली वायरिंग, आणि ती उकलायची म्हणजे उद्याची बात. शर्यत दुपारी होती. आत्या वर्षभर याच दिवसासाठी गाडीला जपत होती, आणि ही गाडी आमच्या हातून दारातच बसणार होती.

तेवढ्यात आत्या आली, शर्यतीचे कपडे घालून, काखेत हेल्मेट. तिनं आमची तोंडं पाहिली आणि शांतपणे विचारलं, "कॉइल बदलून बघितली?"

"हो," आम्ही दोघी म्हणालो.

"कोणी बदलली?"

"मी," आम्ही दोघी म्हणालो.

मी आत पाना आणायला गेले होते तेव्हा ताईनं कॉइल बदलल्या होत्या. मग ती हात धुवायला गेली, आणि मी येऊन पुन्हा बदलल्या. तिनं नेलेली खराब कॉइल मी इमानदारीत परत घरी आणून बसवली होती! बोटांच्या भाषेत 'हे मी केलंय' असं सांगायची सोय नाही, आणि तोंडाच्या भाषेला आम्ही कुलूप लावलेलं. आत्या जुन्या टायरवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग दोघींच्या डोळ्यांदेखत एकदाच अदलाबदल केली. चालू केली. स्कॅनरवर दुसरा सिलिंडर! मी चक्क उडी मारली. चोर सापडला होता, पण त्याच्या जागी लावायला नवी कॉइल नव्हती, आणि रविवार असल्यामुळे सगळी दुकानं बंद. तशीच कॉइल आसपास एकाच ठिकाणी होती, अंगणात उभ्या असलेल्या माझ्या व्हॅनमध्ये. त्या व्हॅननं मी शर्यत बघायला जाणार होते. रुसले असले तरी आत्याची शेवटची शर्यत चुकवण्याइतकी मूर्ख मी नव्हते.

मी व्हॅनचं बॉनेट उघडलं. ताई धावत आली.

"काढू नकोस," ती म्हणाली. "मग तू कशी येणार?"

संध्याकाळपासूनचे तिचे माझ्याशी हे पहिले शब्द. पण माझे हात थांबले नाहीत.

"तीन सिलिंडरवर," मी म्हणाले.

कॉइल बसली, आत्यानं चावी फिरवली, आणि गाडीची हुडहुडी गेली. ताईनं बॉनेट आपटलं, उडी मारून आत बसली, आणि दोघी फाटकाबाहेर. चार बोटं दाखवायचीही सवड कुणाला नव्हती.

मी खराब कॉइल व्हॅनच्या रिकाम्या जागी बसवली, त्या सिलिंडरच्या इंजेक्टरची वायर काढून ठेवली, म्हणजे पेट्रोल तरी फुकट जायला नको, आणि निघाले. काय ती स्वारी! आरसे थरथरत होते, दात वाजत होते, चढावर एक सायकलवाला मला मागे टाकून वर हात हलवून गेला. मी मोठ्यानं गात होते.

घाटाच्या पहिल्या वळणावर पोचले आणि कर्ण्यावर आत्याचा नंबर पुकारला. गाडी दिसायच्या आधी आवाज आला, भरलेला, सलग, कुठंही न अडखळणारा. मग लाल गाडी वळणात घुसली. आत्याची नजर रस्त्यावर, ताईची मांडीवरच्या कागदावर. ताईनं मान वर केली नाही. फक्त माझ्या बाजूच्या काचेवर आतून तिचा हात टेकलेला होता, चार बोटं ताठ.

मी तीन बोटं वर केली, आणि आत्याची शिस्त मोडून घसा फुटेपर्यंत ओरडले.