रविवारच्या पट्ट्या

"परत चौथी आज्ञा चुकली, दुर्गाआजी!" मी हातातली लाकडी पट्टी आपटली.

"चुकली न्हाई, पोरी. पटंना ती मला. विसाव्याच्या दिशी काम करू न्हाई म्हनं! मंग दवाखान्याच्या पट्ट्या रईवारी कोन धुतं? तुहे साहेबच तर गाठोडं धाडतेत."

झोपडीतल्या बायका खो खो हसल्या. मला रागच आला.

जालन्यात प्लेगचे उंदीर मरून पडायला लागले, निजामाच्या तहसीलचा हुकूम आला, तसं आमचं मिशन उठून माळावरच्या झोपड्यांत आलं. शाळा बंद. पाळकसाहेब म्हणाले, "दिवस वाईट आहेत म्हणून नुसते बसू नका. एकेक घटका देवाच्या कामी लावा." मी सातवीत पहिली आलेली! लगेच वेळापत्रक करून कुडाला टांगलं. प्रार्थना, पाठांतर, शिवण. रविवारी विसावा. बाप्तिस्मा घेणाऱ्यांकडून दहा आज्ञा बिनचूक पाठ करून घ्यायचं काम साहेबांनी दिलं ते मला, एस्तेरला! माझे पाय जमिनीवर नव्हते.

दुर्गाआजी राजूरकडच्या, दवाखान्यात पट्ट्या धुवायच्या. त्यांचा मुलगा कचरू ख्रिस्ती झाला होता. तो तापाने गेला, मिशनच्या दफनभूमीत निजला. "मला त्याच्या बाजूला जागा पायजे," त्या म्हणायच्या, "पर बाप्तिस्म्याबिगर देत न्हाईत म्हन्तेत."

त्यांना अक्षर येत नव्हतं. पदराच्या एका टोकात दहा चिंचोके बांधलेले. आज्ञा पाठ झाली की एक चिंचोका दुसऱ्या टोकात. आठ गेले होते. चौथी आणि दहावी अडलेली.

"शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरायचा नाही. म्हणा!"

"शेजाऱ्याचा बैल तर कवाच मेला, मास्तरीनबाई."

शनिवारी पाळकसाहेब छकड्यातून आले. "उद्या कोण कोण तयार?"

दुर्गाआजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी ताठ उभी राहून म्हणाले, "यांना आठच येतात."

"मग पुढच्या खेपेला. पंधरा दिवसांनी."

"पंधरा रोज कुनी पाह्यलेत, साहेब?"

"तोवर वेळ वाया घालवू नका," मी म्हणाले. अगदी साहेबांच्या आवाजात.

बुधवारी दुर्गाआजींच्या काखेत गोळा आला. त्यांना लांबच्या झोपडीत नेलं. जवळ एकट्या सगुणामावशी, दवाखान्यातल्या नर्सबाई. मला जाऊ दिलं नाही. शुक्रवारी दुपारी दुर्गाआजी गेल्या.

पाळकसाहेब घनसावंगीकडे गेलेले. मंडळीच्या पंचांनी नियम सांगितला: बाप्तिस्मा नाही, कुंपणाच्या आत जागा नाही.

"त्यांना येत होतं!" मी ओरडले. "मी लिहून देते!"

कारभारी पंचांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "शनिवारी तूच तर न्हाई म्हन्लीस, बाई."

कुंपणाबाहेर खड्डा खणला. कचरूची कबर तिथून दिसते.

लुगडं जाळायच्या आधी सगुणामावशींनी पदर सोडून पाहिला होता. "एका टोकात कायच नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "दहाच्या दहा दुसऱ्यात. तापात सारखी बैल बैल करून राह्यली होती. मला वाटलं, बरळतीय."

रविवारी सकाळी दवाखान्यातून गाठोडं आलं. रक्ताच्या, पुवाच्या पट्ट्या. गडी म्हणाला, "जल्दी पायजेत." झोपडीतल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. दुर्गाआजींशिवाय त्या पट्ट्या कधी कुणी धुतल्याच नव्हत्या.

मी गाठोडं उचललं आणि ओढ्यावर गेले. हात दुखेपर्यंत पट्ट्या आपटल्या. मग एकेक पट्टी ताणून, सुरकुती काढून, दफनभूमीच्या कुंपणावर वाळत घातली.