कॅडिलॅकवाल्यायचा हडंबा

अकोटात कोनालेही इचारा, कॅडिलॅकवाल्यायचं घर कुठी हाये, तं लहान पोट्टंबी बोट दाखवते. घरासमोर मोटार उभी राहते म्हून नाई. मोटार आमच्या सात पिढ्यात कोनी घेतली नाई, मालक आजही सायकलवर हिंडतात. पन दुकानाच्या पाटीवर त्यायनं भल्ल्या मोठ्या अक्षरात 'न्यू कॅडिलॅक इंजिनिअरिंग वर्क्स' लिहून ठेवलं, अन् त्याच्या खाली बारीक, 'आमचेकडे हडंबे बनवून मिळतील'. हडंबा म्हंजे मळनीचं मशीन, सोयाबीन-हरभऱ्याचे दाने काढाचं. आता अमेरिकेतली शेठलोकाची गाडी कुठी अन् हडंबा कुठी! खेड्यातले मानसं इचारत, "कॅडिलॅक कोन व्हय, चाचा? तुमचे अब्बा का?"

मी नसीमबानो, त्या पाटीवाल्याची बायको. त्यायचं नाव इनायतुल्ला. मी मोहसीनचे अब्बा म्हनते. हात सोन्याचा, डोकं दगडाचं, अन् तोंडात त्याच त्या दोन गोष्टी.

जवानीत ते अकोल्याच्या एका गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली होते. तिथी एका जिनिंगवाल्या शेठची जुनी कॅडिलॅक दुरुस्तीले ये. लय लांब गाडी, ड्रायव्हरच्या आधी तिचं बोनट गावात पोहोचे म्हने. उस्तादानं पोराले पाना धराले शिकोलं अन् त्याच्यासंगं गाडीची कुंडलीबी सांगतली. ती कुंडली मंग लग्न झाल्यावर माह्या घरात आली.

पहिली गोष्ट अशी. शंभर वर्षापहिले कंपनीनं आपल्या तीन गाड्या इंग्लंडात नेल्या. साऱ्यायच्या डोळ्यासमोर खोलल्या, पार नट अन् नट. सारे पुर्जे एका ढिगात कालवले. मंग त्याच ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या अन् शेकडो मैल पळवल्या. कुठी कानस मारली नाई, कुठी ठोकपीट केली नाई. "याले म्हंतात माप, नसीम!" मोहसीनचे अब्बा मांडीवर थाप मारत. "तवापासून साऱ्या दुनियेत तिचं नाव झालं." ते नुसतं बोलून राह्यले नाई, हे मी कबूल करते. आमच्या दुकानातून निंगालेल्या साऱ्या हडंब्यायचं माप एक हाये. एकाचा पत्रा दुसऱ्याले बसते, छिद्रात छिद्र. याचा मलेबी गर्व वाटते, खोटं काहून बोलू?

दुसरी गोष्ट हँडलची. त्या जमान्यात मोटार हँडल फिरवून चालू करा लागे. एका बाईची गाडी रस्त्यात बंद पडली. एक भला मानूस मदतीले उतरला, त्यानं हँडल मारलं, तं ते उलटं फिरलं अन् त्याच्या जबड्यावर बसलं. काई दिवसानं तो बिचारा मेला. गाडी कॅडिलॅक. कंपनीचा म्हातारा मालक असा तळमळला, म्हने, आता माह्या गाडीच्या हँडलानं कोनाले इजा झाली नाई पायजे. इंजिनेरायले कामाले जुंपलं अन् बटनावर चालू होनारी गाडी काढूनच सोडली. हे सांगतानी मोहसीनच्या अब्बायच्या डोळ्यात पानी ये. माह्या डोळ्यात नाई येत, बाप्पा. घरी पाहुना आला की मी चहा ठेवो अन् इकडे म्हातारा तळमळाले लागे.

मी सांगते ती गोष्ट घडली त्या वर्षायत कापसानं साऱ्या वऱ्हाडाची कंबर मोडली होती. लोकं सोयाबीनकडे वळले, अन् जिकडेतिकडे हडंबे झाले. भाड्यानं हडंबा फिरवनारा सकाळी एका वावरात तं दुपारी दुसऱ्या. घाई म्हंजे अशी घाई, की पेंढ्या टाकनाऱ्याले पानी प्याची सवड नाई. वलगावचे किसनराव असाच आमचा हडंबा फिरवत. सोयाबीनच्या दिवसात एक दिवस त्यायचा फोन आला. त्यायच्या हडंब्यावर पेंढ्या टाकाले शकुन नावाची एक बाई होती. तिचा उजवा हात आतल्या फिरत्या ढोलानं वढून घेतला होता.

"तिनं हात एवढ्या आत काहून घातला?" मोहसीनचे अब्बा फोनवर म्हनाले.

तिकडून किसनराव मोठ्यानं बोलले, ते मलेही आयकू आलं. "तेच म्हन्तो ना मी, चाचा. बाईचं ध्यान नव्हतं. मशीन तुमची एकदम ओके हाये."

माहे हात पिठात होते. ते तसेच राह्यले. बाईचा हात गेला अन् हे दोघं मशीनची तब्येत इचारून राह्यले!

दुसऱ्या दिवशी म्या मोहसीनच्या अब्बायले एसटीत बसोलं अन् अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. शकुन खाटेवर भिंतीले टेकून बसली होती. वय असंन तिशीचं. हात कोपराखालून नव्हता. नवरा पुन्याकडे एका बांधकामावर होता, घरी सासू अन् शाळेत जानारी पोरगी. किसनरावानंच तिले आपल्या जीपमधून तिथी आनलं होतं, दवापान्याचंही त्यायनंच पाह्यलं. मानूस वाईट नाई, हे मी तवाही म्हटलं.

"चाची, काळजी नोका करू," शकुन मलेच धीर देऊन राह्यली होती. "हरभऱ्याच्या खळ्यापर्यंत मी बरी होईन. किसनभाऊनं कबूल केलं, म्हने तुले कामावर घेतोच. डावा हात हाये ना माहा. डाव्या हातानं टाकीन पेंढ्या."

त्याच हडंब्यावर! एकच हात उरला, अन् तो घेऊन ही बाई पुन्हा त्याच तोंडासमोर उभी राहनार होती, कारन दुसरं काम नव्हतं. अन् हरभरा काई लय दूर नव्हता.

वापस येतानी एसटीत मोहसीनचे अब्बा खिडकीबाहेर पाहून बोलले, "इतकी वर्षं झाली हडंबे इकतो. कोनाचं नख नाई गेलं. मशीनवर ध्यान ठेवा लागते मानसानं."

मंग मात्र माह्यानं राहवलं नाई. "त्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्यानं काय म्हटलं होतं हो? त्या मेलेल्या मानसानं आपला जबडा हँडलाजवळ काहून नेला, असं म्हटलं होतं का?"

ते खिडकीची काच वर-खाली कराले लागले.

"बोला ना! पाटीवर नाव त्याच्या गाडीचं लावता अन् बोलता किसनरावासारखं. चोर सोडून संन्याशाले फाशी! एक तं पाटी उतरवा, नाईतं हडंबा सुधरवा. नाईतं आजपासून तुमच्या पाहुन्यायले चहा तुमीच करा."

कंडक्टर वळून पाहाले लागला. पाहू दे. माह्या डोळ्यात पानी आलं होतं, रागानं की भेवानं मलेच कळे ना. मोहसीनचे अब्बा अकोटले उतरले, घरी आले, जेवले नाई, अन् सकाळी दुकानात जाऊन तयार हडंबे होते त्या साऱ्यायचे तोंडं भिंतीकडे फिरवले. गिऱ्हाईक आलं तं म्हने, "इकाचे नाई."

मंग अकोल्याहून पत्रा आनला अन् कामाले लागले. हडंब्याच्या तोंडावर लांब, वरून झाकेल अशी एक घसरगुंडी बसवाची. पेंढी बाहेरून ठेवली की आपल्या वजनानं घसरत ढोलापर्यंत जाईन, पन मानसाचा हात पोहोचनार नाई. लांबी किती ठेवाची? पहिले स्वतःचा हात मापला, मंग माहा. तरी त्यायचं समाधान होये ना. रस्त्यानं एक ताडमाड उंच मानूस जाऊन राह्यला होता, त्याले आत बोलावलं अन् त्याचा हात खांद्यापासून मापला. तो म्हने, "चाचा, शिलाईचं काम कवापासून सुरू केलं?"

पहिल्या घसरगुंडीले उतार कमी पडला म्हून पेंढी अटके. दुसरीत दाने उलटे बाहेर येत. तिसरी बसली. गिऱ्हाइकायनं तिले पाहून नाव ठेवलं 'सोंड'. "चाचा, हडंब्याले सोंड काहून लावली? गनपती बसवता का?" हसले, पन घेऊन गेले.

अन् पाहा आपले लोकं! थोड्या दिवसानं आमी बाजारात गेलो, तं त्यातलाच एक नवाकोरा हडंबा टेम्पोवर चढून राह्यला होता. सोंड गॅसकटरनं साफ कापेल. मालक शहाना म्हन्ते कसा, "काम सावकाश होते ना, चाचा." मोहसीनच्या अब्बायच्या तोंडातून जे निंगालं ते मी इथी सांगत नाई. म्या तोबा तोबा करत कान झाकले, पन मनातून म्हटलं, बोला अजून!

दुकानात येऊन त्यायनं इंजनाचा पट्टा ज्यायच्यावर फिरते ते साऱ्या हडंब्यायचे चाकं खोलले अन् ते सोंडेच्याच सांगाड्यावर बसोले. आता सोंड काढली की चाकंबी निंगतात, पट्टा लोळते, अन् हडंबा नुसता लोखंडाचा ठोकळा. "काप म्हना आता," ते म्हनाले. ही बातमी पसरली अन् निम्मे गिऱ्हाईक अकोल्याचे दुसरे हडंबे घ्याले लागले. दुकान थंडावलं. पुन्याहून मोहसीनचा फोन आला, "अम्मी, अब्बा वेडे झाले का?" म्या म्हटलं, "हो, अन् त्यायच्यासंगं मीबी."

पन जुने हडंबे? जे पहिलेच इकून झाले, खेड्याखेड्यात फिरून राह्यले, त्यायचं काय? मी हे इचारलं तं मोहसीनचे अब्बा पहिल्यांदाच हसले. "सारे एका मापाचे हायेत, नसीम. छिद्रात छिद्र. एकाले बसली ती साऱ्यायले बसन."

टेम्पोत सोंडी भरून आमी दोघं निंगालो. मी संगं काहून? तं त्यायचं डोकं एका शब्दावर तापते, माहं पहिल्यापासूनच तापेल राहते, म्हून लोकं मले जास्त भेतात. एक दाम न घेता बसवून देल्ल्या. कोनी चहा पाजला, कोनी तोंड वाकडं केलं, पन बसवून घेतल्या. एकच मानूस हाती लागे ना. किसनराव. फोन केला की म्हनत, "पाहू, चाचा, सवडीनं." अन् इकडे हरभरा निंगाले लागला.

आमी न सांगता वलगावले गेलो. गावाबाहेरच्या खळ्यावर हडंबा चालू होता. धुळीत चार-दोन बाया पेंढ्या आनून देत होत्या, अन् हडंब्याच्या तोंडासमोर शकुन. उजव्या बाजूनं पदर खोचेल, अन् डाव्या हातानं पेंढी ढकलून राह्यली. मले पाह्याच होये ना.

"किसनराव, बंद करा इंजन," मोहसीनचे अब्बा म्हनाले. "सोंड बसवाची हाये."

"अहो चाचा, आज नाई. सोंडेनं काम अर्ध्यावर येते. पाच जनायचं खळं माह्यासाठी थांबून हाये. अन् या मशीनवर दुसऱ्या कोनाले काई झालं का? हिचंच ध्यान नव्हतं त्या दिवशी. तरी मी तिले कामावर घेतलंच ना?"

मोहसीनचे अब्बा तापले. बाह्या वर करून म्हने, "मी घालतो हात, दाखोतो तुमाले."

"तुमी थांबा," म्या त्यायले मागं वढलं. "किसनभाऊ, तुमचं ध्यान चांगलं हाये ना? मंग तुमीच टाका. एकच पेंढी. शकुन, तू बाजूले हो."

बाया थांबल्या. खळ्यावरचे मानसंबी पाहाले लागले. किसनरावाले आता माघार घेता येत नव्हती. "त्यात काय चाची," म्हनत त्यायनं पेंढी उचलली, हडंब्यासमोर गेले अन् दोन हात दुरूनच ती आत लोटली. अर्धी पेंढी खाली पडली. त्यायनं दुसरी घेतली. तीही पडली. लोकं पाहून राह्यले होते.

"तेवढ्या दुरून नाई जात, भाऊ," शकुन म्हनाली. आवाज चढवला नाई, रोजच्यासारखीच बोलली. "जवळ या. कोपरापर्यंत आत ढकला लागते. पहिल्या दिवशी तुमीच मले सांगतलं ना, घाबरू नोको, कोपरापर्यंत ढकल."

किसनराव पेंढी छातीशी धरून तसेच उभे राह्यले. ढोल फिरून राह्यला होता. त्यायनं एकदा त्या तोंडात पाह्यलं, एकदा शकुनच्या खोचेल पदराकडे. मंग पेंढी खाली ठेवली, इंजनापाशी गेले अन् स्वतःच्या हातानं ते बंद केलं.

"बसवा, मिस्त्री," एवढंच म्हनाले.

मोहसीनच्या अब्बायनं टेम्पोतून सोंड उतरवली. कोनीतरी ती वर धरा लागे, नट लागेपर्यंत. किसनराव एका हातानं धराले गेले. नट डाव्या मुठीत घेऊन शकुन पुढं आली.

"दोन्ही हातानं धरा, भाऊ," ती म्हनाली, "जड हाये."