दाराला टेकलेला खराटा

मित्रांनो, मी एक जुना खराटा आहे. कोपऱ्यात उभं राहणं हा आमचा स्वभाव. स्वतःबद्दल बोलायची सवय नाही, तेव्हा सांगताना इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या गावात आर्वो नावाचा सुतार होता. त्याने भूर्जाच्या कोवळ्या काड्या तारेने आवळून मला बांधलं, दांडा घासून गुळगुळीत केला आणि बायकोच्या, हिल्काच्या, हातात देत म्हणाला, "हा मोडला तर नवा मागू नकोस, नवराच बदल." ती पोट धरून हसली. माझ्या काड्या नंतर दोनदा बदलल्या, पण मी मोडलो नाही. आर्वो मात्र सहा वर्षांपूर्वी वारला.

पायरीवरचा बर्फ लोटायचा, आल्यागेल्याचे बूट झटकायचे, हे माझं रोजचं काम. दुसरं काम मानाचं. आमच्याकडे दाराला कुलूप लावत नाहीत. घरची माणसं बाहेर निघाली की खराटा बाहेरून दाराला टेकवून ठेवतात. तो दिसला की येणारा समजतो, घरी कोणी नाही, आणि आल्या पावली परत फिरतो. हाक मारत नाही, खिडकीतून डोकावत नाही. खराट्याला हात लावणं म्हणजे तर शुद्ध आगाऊपणा. माझ्या शब्दाला गावात एवढी किंमत होती, आणि मला त्याचा गर्वही होता.

हिल्काने एकतीस वर्षं शाळेत स्वयंपाक केला. दीडशे पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी बाई. निवृत्त झाल्यानंतरच्या शरदात एकदा ती दुकानात दूध घेत होती. अचानक छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता आपण मरणार, अशी तिची खात्रीच झाली. रुग्णवाहिका आली, तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. हा पॅनिकचा झटका वाटतो, गावातल्या नर्सला भेटा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती भेटली नाही. हृदयाचं दुखणं असतं तर चारचौघांत सांगता आलं असतं, याचं काय सांगायचं?

मग चर्चमध्ये झटका आला, मग बसथांब्यावर. पुढेपुढे झटका यायचीही गरज उरली नाही. तो येईल या भीतीनेच तिचे पाय अडायचे. आधी दुकान सुटलं, मग चर्च, मग फाटक. वाणसामान दुकानाची गाडी मागच्या सरपणाच्या खोलीत ठेवून जायची. आणि एका सकाळी तिने मला बाहेरून दाराला टेकवलं, वळसा घालून सरपणाच्या खोलीतून आत गेली, आणि घरातच बसली.

त्या दिवसापासून मी खोटं बोलू लागलो. रोज.

लोक यायचे, मला पाहायचे, परत जायचे. ताज्या बर्फात त्यांच्या पावलांच्या ओळी पायरीपाशी येऊन वळलेल्या दिसायच्या. सगळी सभ्य माणसं. आत हिल्का बटाटे सोलायची, जेवायची, बसून राहायची. रडण्याचा आवाज नाही, रेडिओचा नाही. माझ्या काड्या गोठून कडक झाल्या होत्या. मलाही काही वाटत नव्हतं. वाईटसुद्धा नाही.

दर शनिवारी दुपारी एल्वी यायची. शेजारीण, हिल्काहून दोन वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं त्या दोघी शनिवारी एल्वीच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, कपडे उतरवून एकत्र वाफ घेत आल्या होत्या. अकरा शनिवार ती मला पाहून परतली. हिल्काला आता दुसरी कोणी मैत्रीण मिळाली असणार, असं तिने मनाशी धरलं.

बाराव्या शनिवारी ती हिल्काचा टॉवेल घेऊन आली. तो इतकी वर्षं तिच्या सॉनातल्या खुंटीवर असायचा. दाराच्या मुठीला अडकवायचा आणि संबंध संपवायचा, एवढंच तिने ठरवलं होतं. ती पायरी चढली. तिची पावलं ऐकून आत हिल्काचा श्वास चढला. धापा दारातून मला ऐकू येत होत्या. एल्वीलाही आल्या.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने मला उचलून बाजूला ठेवलं आणि दार उघडलं. घराबाहेरच्या माणसाने मला असं उचलण्याची ही पहिलीच वेळ.

हिल्का दारामागेच जमिनीवर बसली होती. चेहरा घामाने भिजलेला.

"मरतेय मी, एल्वी."

"याआधी कितीदा मेलीस?"

हिल्काने बोटं मोजायचा प्रयत्न केला. "सात-आठदा."

"मग ही वेळपण जाईल. सरक जरा, मला बसू दे."

"कोणाला सांगू नकोस. लाज वाटते गं."

"चाळीस वर्षं तुला नागडी बघतेय मी. आता कसली लाज?"

एल्वीने घाबरू नकोस म्हटलं नाही, पाणीही पाजलं नाही. नुसती खांद्याला खांदा लावून बसली. वीसेक मिनिटांनी श्वास उतरला. मग हिल्काने सगळं सांगितलं, दुकानापासून. सोमवारी एल्वी नर्सला घेऊन आली.

नर्सने समजावलं की हा पॅनिक डिसऑर्डर आहे. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं; त्रास खरा असतो, पण त्याने जीव जात नाही, आणि यावर उपचार आहेत. औषध सुरू झालं. दर आठवड्याला नर्सला भेटायची वेळ ठरली. आणि रोज थोडं चालायचं, भीती आली तरी पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. फाटकापर्यंत जायला तिला नऊ दिवस लागले. एल्वीच्या घराकडे निघून ती दोनदा अर्ध्यातून परत आली.

नर्स आल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी तिने मला दाराला टेकवलं आणि एल्वीच्या सॉनाला गेली. संध्याकाळ झाली तरी परतली नाही. घरात खरंच कोणी नव्हतं. मला बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही, सवय मोडली होती.

मित्रांनो, हिल्काला अजूनही कधीकधी झटका येतो. तुमच्या ओळखीचं कोणी बरेच दिवस दिसलं नाही, तर दाराला टेकलेल्या खराट्यावर विश्वास ठेवू नका. मला बाजूला करा आणि दार वाजवा. आत कोणी नसेल तर दार उघडणार नाही, एवढंच.