दुफीमावशीची साक्ष

माझी आई सुवेबातू कुमासीच्या मोठ्या बाजारात एनॅमलची भांडी विकायची. तिचे वडील नायजेरियातल्या ओगबोमोशोहून आलेले. आई मात्र जन्मली, वाढली, लग्न करून पुढे विधवा झाली ती घानामध्ये, याच कुमासीत. शेजारच्या गाळ्यावर टोमॅटो विकणारी आफुआ दुफी ही तिथल्याच असांते जमातीची बाई तिची जिवलग मैत्रीण. मी तिला दुफीमावशी म्हणायचे. आम्ही योरुबा असलो तरी घरात मायलेकी तिचीच ट्वी भाषा बोलायचो.

गोऱ्यांना घालवायची चळवळ पेटली तेव्हा या दोघी लॉरीच्या हौद्यात उभ्या राहून गावोगाव फिरल्या. आईचा आवाज खणखणीत. तिनं एक गाणं रचलं होतं: 'पाहुण्या, गाठोडं बांध, तुझं घर तुला बोलावतंय.' बघता बघता ते सगळ्या बाजाराच्या तोंडी झालं.

स्वातंत्र्याची एवढी घाई नको, असं म्हणणारेही कुमासीत खूप होते, आणि दोन्ही बाजू हातघाईवर आल्या होत्या. एका दुपारी जमाव दुफीमावशीच्या मागे लागला. ती धापा टाकत आमच्या घरात शिरली. आईनं तिला भांड्यांच्या खोक्यांमागे लपवलं आणि स्वतः दार अडवून उभी राहिली.

"दुफी? ती इथे कशाला मरायला येईल?" आई म्हणाली.

कुणीतरी दगड मारला. आईची भुवई फाटली, पण ती दारातून हलली नाही.

स्वातंत्र्याच्या दिवशी दोघींनी एकाच ताग्यातलं कापड नेसलं. दुफीमावशी आईच्या गळ्यात पडून रडली. "सुवे, आता आपलं राज्य! आता आपल्याला कोण ऊठ म्हणणार गं?"

त्यानंतर बारा वर्षं गेली. वस्तू महागल्या, पोरांना नोकऱ्या मिळेनात, आणि सगळ्याचं खापर बाहेरच्यांवर फुटायला लागलं. मग एका संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, ज्या परदेशी लोकांकडे राहण्याचा परवाना नाही त्यांनी पंधरा दिवसांत देश सोडावा.

आई भांडी पुसत होती. "कोण गं हे परदेशी?" तिनं मला विचारलं.

"आई, आपणच."

ती हसली. तिला मी गंमत करतेय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र गिऱ्हाईकं भाव करताना म्हणायला लागली, "दे की स्वस्तात. नाहीतरी टाकूनच जाणार आहेस."

दुफीमावशी तोवर टोमॅटोवालींची म्होरकी झाली होती, आणि परवाने देणाऱ्या कचेरीत तिच्या शब्दाला मान होता. आई तिच्याकडे गेली.

"एवढंच सांग, की मी इथलीच आहे."

"त्यात काय सांगायचंय? अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. उद्या येते मी," मावशी म्हणाली.

ती कचेरीत आली. साहेबानं आईकडे न बघताच मावशीला विचारलं, "ही बाई इथली का?"

मावशीनं पदराशी चाळा केला. "बाजारातली ओळख आहे, साहेब. हे लोक ओगबोमोशोचे. आमच्यात मिळूनमिसळून राहिले, नाही कशाला म्हणू?"

मला आधी कळलंच नाही. आईला कळलं. 'आमच्यात' हा शब्द ऐकल्यावर तिनं दुफीमावशीकडे असं पाहिलं, जणू तिचा चेहरा आठवून बघतेय.

बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली, "दुफी, खोटं बोल असं तर मी म्हणाले नव्हते."

"माझ्यावर चिडू नकोस सुवे. मलाही इथेच राहायचंय. तुमची बाजू घेतली म्हणून बायका माझ्या नावानं बोटं मोडतील."

आमचा गाळा दुफीमावशीच्या भाचीला मिळाल्याचं त्याच आठवड्यात कळलं. भाची माप घ्यायला आली, तेव्हा आई अजून तिथेच बसलेली होती.

निघायच्या दिवशी लॉरी बाजारावरून गेली. पोरं गोळा झाली, टाळ्या वाजवत गायला लागली, 'पाहुण्या, गाठोडं बांध...' त्यातल्या कुणालाही हे गाणं कुणाचं ते माहीत नव्हतं. आई माझ्या शेजारी बसून ते शेवटपर्यंत ऐकत राहिली. एका ठिकाणी पोरं चाल चुकली, तेव्हा तिचे ओठ हलले. तेव्हा कुठे मी रडले.

ओगबोमोशोत आजोबांच्या भावाच्या घरी आम्हाला एक खोली मिळाली. तिथली मुलं आमच्या योरुबाला हसायची आणि आम्हाला 'घानावाल्या' म्हणून हाका मारायची. आईनं हळूहळू पुन्हा भांड्यांचा धंदा जमवला.

दोनेक वर्षांनी एके दिवशी दारात दुफीमावशी उभी! वाळली होती. कुमासीत भांडी मिळेनाशी झाली होती. ज्यांना ती कुठून आणायची ते ठाऊक होतं, त्यांनाच हाकललेलं. भाचीचा गाळा ओस पडला होता.

"सुवे," ती ट्वीत म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या कबरीवर गवत वाढू देत नाही मी. दर महिन्याला जाते."

आईचा हात पळीवर थांबला. मला वाटलं, आता उठेल आणि तिला मिठी मारेल. पण ती माझ्याकडे वळून योरुबात म्हणाली, "हिला विचार, काय हवंय. मला हिची भाषा येत नाही."

मी ते मावशीला ट्वीत सांगितलं. "भांडी," दुफीमावशी खाली बघत म्हणाली. आईनं तिला आमला, म्हणजे कंदाच्या पिठाचा उकडलेला गोळा, वाढला, वर मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा घातला, हात धुवायला पाणी दिलं. पाहुणीचं जे जे करायचं ते सगळं केलं. भांडीही दिली, बाजारभावानं. जाताना मावशीनं मला पोटाशी धरलं आणि कानात म्हणाली, "मी भ्याले होते गं. सांग तिला."

मी आईला सांगितलं. आईनं नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून आई कुणाशीच ट्वी बोलली नाही, माझ्याशीसुद्धा नाही. मी बोलले तर उत्तर योरुबात यायचं. शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसून एकदा ट्वीत विचारलं, "आई, काही हवंय का?"

तिनं डोळे उघडले, माझा हात घट्ट धरला, आणि बोलली काहीच नाही, योरुबातसुद्धा नाही.