उताऱ्याचे कापड

कामोठ्यातील आमच्या चाळवजा सोसायटीसमोरील चौकात कोणीतरी पीडा उतरवून टाकली होती. त्या उताऱ्यातील नारळ व लिंबू आमच्या खंड्या नामक कुत्र्याने सोडून दिले; परंतु मटणाच्या रश्श्यात भिजलेले काळे कापड अखंड गिळले. ते आतड्यात अडकल्याने तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टर सुचिताबाईंनी तो हिरवट, कुजका बोळा चिमट्याने उचलून दाखविला.

“मानसिंगभाऊ, उपाशी ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “थोडं थोडं मऊ खायला द्या, हळूहळू चालवा. अन्न गेलं तरच आतडी कामाला लागतील. तोंडच लावलं नाही तर परत आणा.”

घरी मी कोंबडीचे शिजवून कुस्करलेले मांस पुढे केले. खंड्याने मान फिरविली. तो केवळ माझी पत्नी सत्यभामा हिच्याच हातून खात असे, आणि ती तर दारात अंग चोरून उभी!

“मी नाय शिवणार. कुनाची पिडा हाय त्याच्या पोटात, काय ठावं.”

इतक्यात वरच्या मजल्यावरील सुनयनावहिनी आल्या. “वाचला का हो?” त्यांच्या स्वरात आनंदाचा लवलेश नव्हता.

“उतारा तुमचा होता?” शंका येऊन मी विचारले.

“आमच्या राजवर्धनचा ताप हटत नव्हता, भाऊ. यानं गिळलं आणि ताप गेला. आता डॉक्टरनं ते बाहेर काढलं, म्हणजे पीडा परत फिरायचं टेन्शनच ना! उगाच जबरदस्तीनं भरवू नका. मुकं जनावर आहे, सुटेल बिचारं.”

मला त्या बाईची अशी किळस आली, की त्यापुढे तो कुजका बोळाही निर्मळ वाटावा.

सत्यभामा पुढे झाली. “म्हंजी तुमचं पोरगं बरं व्हावं म्हनून आमचं मरावं?”

“तसं नाही गं...”

“तसंच!”

तिने पदर खोचला, खाली बसून मांसात बोट बुडविले व खंड्याच्या ओठाला लाविले. “गिळ रं बाबा. हिच्या नाकावर टिच्चून गिळ.”

जीभ बाहेर आली. त्याने गिळले. सुनयनावहिनी नाकाला रुमाल लावून निघून गेल्या.

काही वेळाने त्यातील निम्मे खंड्याने सत्यभामेच्या मांडीवर ओकले. निम्मे पोटात राहिले. तिने साडी पुसली व पुन्हा बोट बुडविले.