लगेच वितळणारं

जोतीरामला खोट्या धातूची भयंकर चीड होती. किती, तर लग्नात पाव्हण्यांनी मानाची चांदीची वाटी पुढं केली की हा गडी आधी ती नखानं घासून बघायचा आणि बायकोनं डोळे वटारले की मगच ओशाळून हातात घ्यायचा. आटपाडीकडची पोरं गलईच्या धंद्याला देशभर पांगतात, तसा तोही मिसरूड फुटायच्या आधीच तमिळनाडूत सेलमला गेला होता. सराफांकडचे मोडीचे डाग मुशीत वितळवायचे, त्यातली भेसळ काढायची आणि चोख सोनं-चांदी वेगळी करून द्यायची, यातच त्याचं आयुष्य गेलं. बायको वारल्यावर दुकान पुतण्याच्या हवाली करून तो गावी परतला. तरी परसात लहानशी भट्टी मांडलीच. ती नसती तर माणूस वेडा झाला असता.

त्याची एकुलती एक लेक प्रांजल. तिला साताऱ्याच्या पुढं, मेढ्याजवळच्या एका गावात दिली होती. तिचा सासरा भाऊसो, फौजेतून सुभेदार होऊन आलेला, मिशा आणि शब्द दोन्ही ताठ. जावई अमृत जवळच्याच एका खासगी दूध प्रकल्पात बॉयलरवर होता. पोरगा सरळ. सासऱ्याला मामा म्हणताना खरोखर मामाच असल्यासारखा म्हणायचा. जोतीरामचा त्याच्यावर फार जीव होता, आणि पुढं जे झालं ते या जीवापायीच झालं.

उन्हाळ्यात एका रविवारी अमृत एकटाच मोटरसायकलवर आटपाडीला आला. चहा घेतला आणि खिशातून पितळेचा बुचासारखा एक जड तुकडा काढून ठेवला. बाहेरून स्क्रूसारखे आटे, आणि मधोमध आरपार भोक.

"मामा, ह्यात कथील भरून पायजे. ह्याला फ्युजिबल प्लग म्हणत्यात."

"फ्युजि... काय?"

"फ्युजिबल. म्हंजी लगेच वितळणारं."

जोतीराम खो खो हसला. "आवं जावईबापू, आमच्या धंद्यात ही शिवी हाय! लगेच वितळला म्हंजी त्यात कायतरी खोट हाय."

"बॉयलरात मातर त्योच गुण. आवं, त्याचं काम आसं आसतंय..." अमृत सांगू लागला. पाणी, वाफ, आगीच्या डोक्यावरचा पत्रा असं बरंच काही. पण जोतीरामचं लक्ष नव्हतं. जन्मभर जाळासमोर बसलेल्या माणसाला जाळाबद्दल दुसऱ्यानं काही सांगितलं की तो मान डोलावतो आणि ऐकत नाही. जोतीरामनं तशीच मान डोलावली. त्याच्या कानात शिरलं ते शेवटचं वाक्य.

"पाण्याचा पंप सारखा बंद पडतोय, म्हून प्लग बी सारखा वितळतोय. वितळला की आग इझती आन् समदं थांबतंय, दूध नासतंय. पंप नवा घ्या म्हणलं तर मॅनेजर माझ्यावरच डाफरतो. म्हणतो, परत थांबलं तर घरी बस. नवा प्लग बी न्हाई दिला. सासरा गलईवाला हाय न्हवं तुजा, म्हणला, घे त्याच्याकडनं भरून."

असं म्हणून त्यानं कथलाची कांडी पुढं ठेवली. "हेच भरा, मामा. दुसरं कायबी नगो."

मग अमृत जेवून ओसरीवर लवंडला. रात्रपाळी करून आलेला, पडल्या पडल्या डोळा लागला.

जोतीराम भट्टीपुढं बसला. कांडी वाकवून कानाशी धरली, तर ती खऱ्या कथलासारखी बारीक कुरकुरली. म्हणजे माल चोख होता. पण चोख असून काय उपयोग? पाचोळ्याच्या जाळावर पाणी होणारी ही जात. आज भरून द्यायचं, आठ दिवसांत वितळणार, मॅनेजर पोराला घरी बसवणार आणि लेकीच्या संसाराला घोर लागणार. मुशीत कथील टाकता टाकता त्याचा हात थांबला. डबीत चांदीची मोड होती. ती त्यानं चिमूटभर तांब्याबरोबर वितळवली, भोकात ओतली, कानस मारून तोंड साफ केलं. दिसायला पांढरंच. यापेक्षा चांगलं काम त्यानं सराफासाठीसुद्धा कधी केलं नसेल.

अमृत उठला. त्यानं प्लग उलटसुलट करून पाहिला. "झ्याक झालंय, मामा."

"आता न्हाई तरास देणार," जोतीराम म्हणाला. चांदीचं त्यानं सांगितलं नाही. जावई संकोचला असता, आणि लेकीसाठी केलेलं काय बोलून दाखवायचं?

पुढं फोनवर प्रांजल म्हणायची, "आबा, तुमचा हात लागल्यापास्नं एकदा बी बॉयलर बंद पडला न्हाई. मॅनेजर सायेब बी गप हाईत." जोतीरामला असं बरं वाटायचं की चहाच्या गाड्यावर ओळख ना पाळख अशा माणसालाही तो सांगायचा, आमच्या जावयाचा कारखाना आमच्या भरतीवर चालतोय.

आषाढात एका पहाटे बॉयलर फुटला. अमृत जागच्या जागी गेला.

जोतीराम पोचला तेव्हा जाळून झालं होतं. दिवसकार्य होईपर्यंत तो तिथंच राहिला. प्रांजल आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. भाऊसो सोप्यात खुर्चीवर, आणि लोक येऊन टेकायचे, उठून जायचे. चौकशीला सरकारी साहेब येऊन गेला होता. फुटलेल्या बॉयलरात पाणी नव्हतं, प्लग मात्र जसाच्या तसा होता, एवढं त्यानं सांगितलं. मग मॅनेजरनं उठवलं की रात्रपाळीला निवांत झोपता यावं म्हणून अमृतनंच प्लगात भलताच धातू भरून आणला. लोकांच्या तोंडाला काय, तेच गावात फिरलं. मेलेल्याला उत्तर देता येत नाही.

फौजेत राहिलेल्या बापाला मुलाच्या मरणाइतकंच हे लागलं. भाऊसो कुणाशी बोलेनात. एकदा फक्त जोतीरामला म्हणाले, "पाव्हणं, ड्यूटीवर झोपलेला शिपाई म्या कवा माफ केला न्हाई. आन् आता माज्याच घरात..." जोतीरामनं तेव्हाही चांदीचं सांगितलं नाही. त्या वेळी त्याला नुसती शंका होती, असं तो स्वतःला सांगत राहिला.

दहाव्याचं आटोपून सगळे परतले. सोपा माणसांनी भरला होता. प्रांजलनं बापाला परड्यात हाक मारली.

"आबा, तुमाला धातूतलं कळतंय. त्ये कथील खोटं हुतं का?"

"का गं?"

"ते मला सांगायचे, पाणी सरलं की बॉयलर फुटायच्या आदी प्लग वितळतो, वाफ आगीवर पडती आन् आग इझती. त्यो वितळतो म्हून मी रोज घरी येतो, म्हणायचे." तिचा आवाज कोरडा होता, रडून संपलेला. "मग ह्या बारीला का वितळला न्हाई? दुकानदारानं फसिवलं व्हय त्यांला?"

 जोतीराम गोठ्यातल्या गव्हाणीच्या काठावर बसला. व्हय म्हटलं की सुटत होता. कुठल्या तरी दुकानदाराच्या माथी गेलं असतं, लेकीनं विश्वास ठेवला असता आणि ती त्याच्यापुरती त्याचीच राहिली असती. बायको नाही, धंदा नाही, ही एवढी लेक. शब्द अगदी ओठावर आला होता.

"कथील खरं हुतं," तो म्हणाला. "म्या त्ये भरलंच न्हाई. चांदी घातली. वितळू नये म्हून."

प्रांजलला आधी त्याचा अर्थ लागला नसावा, किंवा लागून नको झाला असावा.

"त्यांला ठावं हुतं?"

"न्हाई. त्यांनी कथीलच भरा म्हणलं हुतं. मला वाटलं, परत वितळला तर त्यांची नोकरी जाईल. तुजं कसं हुईल."

"माज्यासाटी केलासा?"

"व्हय."

"मग मला तरी इचारायचं, आबा." ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्यानं सोसलं असतं. "उठा. सोप्यात चला. त्यांच्या नावाला बट्टा लावत्यात, त्या समद्यांम्होरं सांगा."

ती पुढं आणि तो मागं. लहानपणी जत्रेत हा तिला धरून न्यायचा, तशी तिनं त्याची बाही धरली होती, पण हाताला हात लागू दिला नाही. सोप्यात गेल्यावर तिनं बाही सोडली. माणसं बोलायची थांबली.

जोतीरामनं सांगितलं. भट्टी, कथलाची कांडी, चांदीची मोड, झोपलेला जावई, सगळं. कुणी त्याला बसा म्हटलं नाही. "उद्या साताऱ्याला जाऊन सायबाला बी सांगतो," तो म्हणाला. कोपऱ्यातला एकजण शिवी हासडून उठला, दुसऱ्यानं त्याला खाली बसवलं. प्रांजल तोपर्यंत आत गेली होती. तिनं दार लोटून घेतलं.

भाऊसो खुर्चीतून उठले. जोतीरामनं डोळे मिटून घेतले. मारावं, आत्ता इथंच मारावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण त्यांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हंजी माजं पोरगं झोपाय म्हून कायबी करत न्हवतं," ते लोकांकडं वळून म्हणाले. "ऐकलंसा न्हवं? पाव्हणं काय म्हणत्यात ऐकलंसा?" मग परत जोतीरामकडं बघून, "लय उपकार केलंसा, पाव्हणं. लय उपकार."

जोतीराम हात सोडवून घ्यायला बघत होता. भाऊसो सोडत नव्हते.